नळी काढण्याआधी

२ मार्च
प्रांताचं रुग्णालय, पुरुष विभाग, खाट नऊ

बुआलाय ताई,

ओळखू आलं नाही तरी अक्षर माझंच आहे. उताणा पडून, पोटावर पुठ्ठा ठेवून शिसपेन्सिलीनं लिहितोय. तोंडात नळी आहे आणि ती घशातून थेट छातीत गेलीय, त्यामुळे बोलणं बंद. धाकटा भाऊ कधी गप्प बसेल म्हणून जन्मभर करवादलीस, आता बस सुखात.

आज बारावा दिवस. तंबाखूच्या भट्टीपाशी पडलो एवढं आठवतं. मग डोळे उघडले तर उशाशी हे मशीन. माझा श्वास आता तेच घेतं. फुस्स करून हवा आत ढकलतं, जरा थांबतं, पुन्हा ढकलतं. पण ते थांबणं मला पुरत नाही. माझी छाती रिकामी व्हायला वेळ लागतो गं, आणि ती अर्धी भरलेली असतानाच हे वरून आणखी कोंबतं. दिवसभर आमचं हेच भांडण चालतं. पहिले दोन दिवस मी नळी उपटायला बघत होतो, म्हणून हात खाटेला बांधले होते. आता सोडलेत, पण लक्ष असतं.

नर्सचं नाव पियानुत. माझ्या पोरापेक्षा, प्रासितपेक्षाही लहान असेल. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार असं समजून ती माझ्यावर ओरडते. "काका, तीस वर्षं भट्टीचा धूर आणि वर चिरूट! फुप्फुसाची पार चाळण केलीत!" मी मान हलवतो. ती काहीही म्हणाली तरी मी मान हलवतो. चौदा खाटा आणि ही एकटी, तिला थांबवून कशाला विचारत बसायचं? छातीत कफ दाटला की घंटा वाजवायची म्हणून सांगून ठेवलंय. मी वाजवत नाही. ती आपली फिरत फिरत येते तेव्हा काढते.

डॉक्टर थन्वा म्हणतात, मशीनची सवय लागलीय, ती हळूहळू सोडवायला हवी. चिरूट सुटला नाही, हे काय सुटणार.

जिवाला चैन नाही, ताई. कुशीवर वळावंसं वाटतं, उठून कुठेतरी चालत जावंसं वाटतं, पाय आपोआप चादर ढकलत राहतात. खिडकीतून डोंगरही दिसत नाही, नुसता धूर. यंदाही लोकांनी रान पेटवलंच वाटतं.

तुझ्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? नुय रोज दुपारी गाडी घेऊन इथल्या फाटकाशी येतो, त्याच्याकडे उत्तर दे. खायला काही पाठवू नकोस. मला नाकातून पेज घालतात.

खाममून


४ मार्च
बान पोंग हिन

खाममून,

नुय पायऱ्या चढून वर आला, पत्र दिलं, आणि मी वाचून संपवेपर्यंत समोर उभा राहिला. तेव्हा गावाला सगळं कळलंय असं धरून चाल.

घंटा वाजवत नाहीस? वा रे शहाण्या! लहानपणी आईला त्रास नको म्हणून दाढेचं गळू आठ दिवस लपवलंस आणि नवव्या दिवशी आख्खं घर डोक्यावर घेतलंस. तीच खोड अजून आहे. त्या पोरीला चौदा खाटा आहेत त्या तिच्या आहेत, तू मोजू नकोस.

लुन म्हातारे म्हणाले, तू जिथे पडलास तिथे तुझा जीव घुटमळतोय. म्हणून मंगळवारी भट्टीपाशी जाऊन त्याला हाक मारून घेतली. मला प्लास्टरसकट चौघांनी खुर्चीत बसवून नेलं, वरात निघाल्यासारखी. चिकट भात, उकडलेलं अंडं आणि तुझा निळा सदरा नेला होता. सदरा टोपलीत घालून घरी आणला, म्हणजे तूही आलास. सोबत पांढरा दोरा आहे, जीव अंगातच राहावा म्हणून तो नर्सला मनगटावर बांधायला सांग. सांग म्हणजे लिहून दाखव, नुसती मान हलवू नकोस.

प्रासित शनिवारी रायोंगहून येतोय. दुकानातल्या फोनवरून मी त्याला दोन गोष्टी समजावून सांगितल्यात, त्या तो करेल. पोरगा कारखान्यात राहून शिष्टाचार विसरायला नको.

मशीन सोड म्हणतात तर सोडून टाक. तुझी लाल कोंबडी तुझ्या उशीवर अंडी घालायला लागलीय. लवकर आला नाहीस तर उशी तिच्या नावावर होईल.

ताई


९ मार्च

ताई,

हे पत्र नुयसमोर वाचू नकोस.

शनिवारी प्रासित आला. वाडग्यात पाणी, त्यात मोगऱ्याची फुलं. माझ्या पायांवर ते पाणी ओतलं, कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "बाबा, हातून, तोंडून, मनातून काही चुकलं असेल तर क्षमा करा." भर विभागात! पियानुतनं पडदा ओढून घेतला. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हाच मी काय ते समजलो.

रविवारी सकाळी पियानुत हसत हसत आली. या वेळी माझ्यावर ओरडली नाही. हळू म्हणाली, "काका, आज तुम्हाला मशीनपासून मोकळं करायचं." प्रासित खाटेशी उभाच होता. मी मान हलवली. मी काय लहान मूल आहे? मानोप भावोजींना गाडीत घालून घरी आणलं तेव्हा मी तिथेच होतो. आधी सगळ्यांनी क्षमा मागितली, मग नर्सनं नळी काढली, आणि माझ्या तोंडातला चहाच्या पानांचा तोबरा चघळून संपायच्या आत ते गेले. क्रम मला पाठ आहे.

तिनं मशीन बाजूला केलं. नळी तशीच ठेवून तिला दमट हवेची एक लांब नळी जोडली. मी डोळे मिटले, बुद्धाचं नाव घ्यायचं ठरवलं. पण शरीर ऐकेना, ताई! छाती धडधडायला लागली, हात गारठले, श्वासावर श्वास चढला. अकरा मिनिटं. मग तिनं घाईघाईनं मशीन पुन्हा लावलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं, "हरकत नाही काका, उद्या परत बघू."

मला इतकी लाज वाटली. पोरगा बाराशे कामं टाकून निरोप द्यायला आला आणि बापाला धड जाताही आलं नाही. आज पुन्हा केलं, नऊ मिनिटं. प्रासित काल रात्रीच्या बसनं परत गेला. जाताना मान खाली होती.

त्याला रागावू नकोस. डॉक्टरांनाही काही विचारू नकोस, ती भली माणसं आहेत, त्यांना संकोच वाटेल. फक्त एवढं सांग त्यांना, की भावोजींसारखं मलाही घरी आणू द्या. इथे नको. नवी चटई पत्र्याच्या पेटीमागे आहे.

आणि एक खरं सांग. भावोजींची नळी काढल्यावर ते झोपले तसे गेले असं तू सगळ्यांना सांगितलंस. ते खरं होतं का?

खाममून


१० मार्च

नर्स पियानुत यांस,

मी खाट नऊची थोरली बहीण. पायाला प्लास्टर आहे म्हणून हे लिहिते, नाहीतर समोर येऊन विचारलं असतं.

माझ्या भावाला मरू द्यायचं हे कोणी ठरवलं? आमचे आईबाप नाहीत, त्याची बायको नाही, घरातली मोठी मी आहे. माझ्या नवऱ्याच्या वेळी तुमच्याच रुग्णालयात मला बसवून तीनदा समजावलं होतं, कागदावर सही माझी घेतली होती. या वेळी पोराची घेतली का? पोरगा तर फोनवर म्हणतो, मला काही माहीत नाही, आत्या, आणि रडतो. त्याला माहीत नाही, मला माहीत नाही, मग माहीत कोणाला आहे?

तो जगणार नसेल तर तसं सांगा, मी ऐकेन, मला सवय आहे. पण माझ्या भावाला हसत हसत मान हलवायला लावून रोज थोडं थोडं मारू नका.

बुआलाय, बान पोंग हिन


११ मार्च

ताई,

काल आणि आज नुय आला. म्हणाला, तू त्याला पाकीट दिलंस, पण ते नर्ससाठी. माझ्यासाठी काही नाही.

म्हणजे तुलाही कळलं होतं आधीपासून. बरोबर आहे. काय लिहिणार तू तरी.

आज सहा मिनिटं टिकलो. डॉक्टर म्हणतात, शुक्रवारी शेवटचं बघू. नाहीच जमलं तर सोमवारी गळ्याला भोक पाडून तिथे नळी बसवायची आणि मशीन तसंच चालू ठेवायचं, किती महिने ते कोणी सांगत नाही. पलीकडच्या खाट बारावर तसा एक माणूस आहे. तो गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून इथे आहे. त्याला भेटायला आता कोणी येत नाही.

मला काहीच नको झालंय. धड हे नाही, धड ते नाही. तू दोन ओळी तरी लिही. ओरडलीस तरी चालेल.

खाममून


११ मार्च

बुआलाय मावशी,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. मावशी, काकांना कोणी मारत नाहीये! आम्ही त्यांना मशीनशिवाय श्वास घ्यायला शिकवतोय.

अशा जुन्या फुप्फुसांच्या माणसाला मशीन एकदम काढता येत नाही. श्वासाचे स्नायू बसून बसून दुबळे होतात. म्हणून दिवसातून एकदा थोडा वेळ मशीन बाजूला करून बघतो, स्वतःच्या बळावर अर्धा तास निघाला तर नळी काढायची. फार दमले तर लगेच मशीन पुन्हा लावतो, विश्रांती देतो, दुसऱ्या दिवशी परत. मी सगळा वेळ घड्याळ घेऊन त्यांच्याशेजारी बसलेली असते.

आणि मला हेच कोडं पडलं होतं. पहिली चार-पाच मिनिटं त्यांचं उत्तम चाललेलं असतं. मग ते एकदा दाराकडे बघतात, डोळे मिटतात आणि श्वास मिनिटाला अडतीस-चाळीसवर जातो. डॉक्टर थन्वा म्हणतात, फुप्फुसाला जमायला हवं, मग का जमत नाही? मी विचारलं, "काका, भीती वाटते का?" ते हसले आणि नको नको असा हात हलवला. चूक माझीही आहे. मान हलवली म्हणजे समजलं असं मी धरलं. आमच्याकडे सगळेच मान हलवतात.

तुमचं पत्र आल्यावर मी जाऊन त्यांना सांगितलं की तुम्ही मरणार नाही आहात. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि मान हलवली! मीच खोटा धीर देतेय असं त्यांना वाटतंय. मावशी, माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही लिहा. शुक्रवारच्या आत पोचेल असं लिहा.

पियानुत


१२ मार्च

खाममून, गाढवा,

नीट वाच, आणि दोनदा वाच.

प्रासितला पाय धुवून क्षमा मागायला मी सांगितलं होतं. मी! नव्या वर्षाच्या सणाला, सोंगक्रानला, त्याला सुट्टी मिळणार नाही, तेव्हा वडिलांच्या पायांवर पाणी आताच घालून ये, असं फोनवर बजावलं. महिनाभर आधी केलं एवढंच. ते सणाचं पाणी होतं, मरणाचं नव्हतं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं ते तुला तोंडात नळी घालून पडलेला बघून आलं, दुसरं काय येणार? तो मान खाली घालून गेला, कारण त्याला वाटलं आपण समोर उभे राहिलो म्हणून बाबा घाबरले.

आणि मीही तुझ्यासारखीच. तुझं पत्र खरं धरलं, नवी चटई काढून उन्हात टाकली, भिक्खूंना निरोप धाडला, आणि तुला दोन दिवस एक ओळ लिहिली नाही. काय लिहू सुचेना म्हणून लिहिलं नाही. त्याबद्दल मला शिव्या दे, त्या मी घेईन.

आता मानोपचं. तू खरं विचारलंस म्हणून सांगते. आजवर कोणाला सांगितलं नाही.

त्याच्या यकृतात गाठ होती. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, आता काही उरलेलं नाही, घरी न्यायचं तर न्या. मी सही केली. मशीन गाडीत येत नाही, म्हणून नर्सनं माझ्या हातात तो रबरी फुगा दिला आणि म्हणाली, दाब, सोड, दाब, सोड. ऐंशी किलोमीटर. लाकडाच्या वखारीच्या वळणावर माझे हात आखडले, बोटं उघडेनात. मी थांबले. तीन श्वास होतील एवढी थांबले. आणि त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी परत दाबायला लागले. त्याला पुढे जायचं होतं की तिथेच सुटायचं होतं, मला आजही कळत नाही. घरी नळी काढल्यावर तो झोपल्यासारखा गेला नाही. चार-पाच वेळा छाती उचलली, घशातून आवाज आला, मग थांबला. दुखलं का? नर्सनं औषध दिलं होतं, पण मला माहीत नाही. हेच खरं आहे, की मला माहीत नाही.

पण बघ. त्या वेळी मला कोणी म्हटलं नव्हतं की अर्धा तास बघू, उद्या परत बघू. मानोपशेजारी कोणी घड्याळ घेऊन बसलं नव्हतं. मरायला सोडलेल्या माणसाचे श्वास कोण मोजत बसतं रे? ती पोरगी तुझा एकेक श्वास मोजते, कारण तिला तो तुझ्याकडेच राहायला हवा आहे.

मान हलवू नकोस. पुठ्ठ्यावर लिही आणि डॉक्टरांना सरळ विचार. त्यांना संकोच वाटला तर वाटू दे.

मी एकदा पाठवणी केलीय, दुसरी मला जमणार नाही.

ताई


१६ मार्च

ताई,

दोनदा नाही, सहादा वाचलं.

शुक्रवारी सकाळी मशीनला हात लावायच्या आधीच मी पुठ्ठा वर धरला: मी मरतोय का? पियानुतनं वाचलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर थन्वा माझ्या खाटेवर बसले. म्हणाले, "काका, मरत असता तर तुमच्या ताईंना बोलावून तुमच्या समोर सांगितलं असतं. तुमची फुप्फुसं जुनी आहेत, जुनीच राहतील. पण एवढ्यानं भागेल." मी लिहिलं, नक्की? ते म्हणाले, "नक्की नाही. पण करून बघण्यासारखं आहे." ते नक्की नाही म्हणाले तेव्हा माझा विश्वास बसला.

मशीन काढलं. पाय पुन्हा चुळबुळायला लागले, छाती धडधडली. पियानुत घड्याळाकडे बघत म्हणत होती, "बाहेर, काका, आधी बाहेर, सावकाश." मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. ती मोजत होती, खरंच मोजत होती. अकरा मिनिटं झाली, वीस झाली. मध्ये कफ दाटला तशी मी घंटा वाजवली, ती शेजारीच बसली होती तरी वाजवली. ती हसली. अर्धा तास झाल्यावर डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडवली आणि नळी ओढून काढली. विहिरीतून दोर ओढावा तसं वाटलं. मी खोकलो, खोकलो, आणि पहिला शब्द बोललो: पाणी. काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं, पण राहून गेलं.

आता झोपताना तोंडावर मुखवटा बांधतात, तो हवा देतो. दिवसा माझा श्वास मीच घेतो. चार पावलं चाललो की भिंत धरावी लागते. डॉक्टरांनी विचारलंय, पुन्हा कधी श्वास अडला तर मशीन लावायचं का. हे मलाच विचारलं, प्रासितला नाही. मी विचार करतो म्हणालो.

आवाज आलाय, तेव्हा दुकानातल्या फोनवर बोलता आलं असतं. पण एक गोष्ट तोंडानं बोलायची माझी हिंमत नाही.

त्या दिवशी गाडीत मी तुझ्या समोरच्या बाकावर होतो. वखारीच्या वळणावर तू म्हणालीस, "खाममून, धर रे जरा." मला ऐकू आलं होतं. भावोजी माझ्या हातात गेले तर, या भीतीनं मी रस्त्याकडे तोंड केलं आणि चिरूट पेटवला. तुझी बोटं मी बघितली, ताई. पांढरी पडली होती. तुझं ते पत्र वाचलं आणि त्यात तू हे लिहिलंच नाहीस. तीन श्वास थांबले ते तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे थांबले. इतकी वर्षं तुझ्या घरी जेवलो, तुझ्या ओसरीवर बसून गप्पा ठोकल्या, आणि एवढं एक बोललो नाही.

बुधवारी सोडणार आहेत. तू नको म्हणालीस तर मी प्रासितकडे रायोंगला जातो.

खाममून


१७ मार्च

खाममून,

ऐकलं होतंस हे मला तेव्हाच कळलं होतं. चिरूट पेटवताना तुझ्या तीन काड्या वाया गेल्या.

राग होता. आहे. झिजून झिजून थोडाच उरलाय, पण तोही देणार नाही तुला, तो माझा आहे. आणि रायोंगला बियोंगला जायचं नाही. प्रासितच्या खोलीत मांजर मावत नाही, तू कुठे मावणार?

बुधवारी नुय तुला पायऱ्यांपर्यंत आणेल. पुढे उचलून घेऊ नकोस म्हणून मीच त्याला बजावलंय. नऊ पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर थांब, हवा बाहेर सोड, मग पुढची चढ. मी वर खुर्चीत बसलेली असेन.

वर आलास की आपण भांडू. मनात साठलेलं सगळं एकदाच काढणार आहे मी, आणि तूही उलटं बोलायचंस, गप्प बसून मान हलवलेली मला चालणार नाही. भांडायला श्वास लागतो. तो घेऊन ये.

ताई